पेटीतला लॅव्हेंडर

आज हार्मोनियमचं झाकण उघडलं आणि लॅव्हेंडरचा वास आला. इथे परदेशात, कॅसल हिल उपनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या डोरिसआजी आता नाहीत, हा वास मात्र अजून जात नाही.

कोविडमध्ये नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा आम्ही बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की आता सरकारी माणूस घर बघायला येणार आणि म्हणणार, आधी ही पेटी विका. पेटी माझ्या बाबांची. मग मास्क लावून मी ती आजींच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि लांबूनच विचारलं, "थोडे दिवस सांभाळाल?"

नव्वदीच्या आजी खूप हसल्या. "अगं, आता कोणी येत नाही! माझ्या लहानपणी इंग्लंडमध्ये यायचे. बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडली होती. भत्त्याचा माणूस घरातल्या खुर्च्यासुद्धा बघायचा आणि आधी त्या विका म्हणायचा. तो गल्लीत शिरला की आई घड्याळ शेजारी पोचवायची." मग हसू थांबवून त्यांनी पेटीवर हात ठेवला. "राहू दे इथेच."

कोणीच आलं नाही. भत्ता आपसूक बँकेत जमा झाला. महिन्याभराने मी पेटी आणायला गेले. आजींनी तिच्यावरची शाल आणि लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या बाजूला केल्या, भाता ओढला आणि एक इंग्रजी बालगीत अडखळत पूर्ण वाजवलं.

"शिकलात कधी?"

"मग? कोणी आलंच असतं, तर पेटी माझी आहे हे त्याला पटायला नको?"