सत्याऐंशीचा करंडक आणि नऊ पासवर्ड

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ. वर्ना लिंडक्विस्टने पंचवीस वर्षं गावच्या कर्लिंग क्लबातला बर्फ राखला, खेळणाऱ्यांचे दगड त्यावरून तेल लावल्यासारखे सरकायचे. निवृत्तीनंतर ती कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्याच गावच्या वाचनालयात आपल्या वयाच्यांना कॉम्प्युटर शिकवू लागली. ती हसली की खिडक्या वाजायच्या.

एका बुधवारी वर्गातल्या नऊ जणांपैकी ओरेस्टने मिशीवर ताव मारला. "माझा पासवर्ड कुणाच्या बापाला ओळखता यायचा नाही. मोठं अक्षर, आकडे, उद्गारचिन्ह, सगळं घातलंय!"

वर्नाने चिठ्ठी लिहून त्याच्या हातात ठेवली. 'कर्लिंग१९८७!' ओरेस्टचा चेहरा पडला. उरलेल्या आठ जणांनी ती वाचली आणि तेही गोरेमोरे झाले; त्यांचाही तोच होता. त्याच वर्षी गावाने कर्लिंगमध्ये प्रांताचा करंडक जिंकला होता ना!

"असले पासवर्ड चोराचं यंत्र चुटकीसरशी फोडतं," वर्ना म्हणाली. " एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, प्रत्येक खात्याला वेगळे. आठवत नसतील तर वहीत लिहा."

"लिहायचं? ते तर महापाप!" ओरेस्ट म्हणाला.

"अरे, चोर हजारो मैलांवर बसलाय. तुझ्या स्वयंपाकघरातला खण उघडायला येतोय होय?"

सगळे खिदळले. "पण तू ओळखलंस कसं गं?" ओरेस्टने विचारलं.

"कालपर्यंत माझाही तोच होता!" वर्ना म्हणाली, आणि खिडक्या वाजल्या.