उजवा खांदा उतरता

माणसाच्या नावावर मास्तरांचा काडीचाही विश्वास नव्हता. नाव काय, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं असतं. त्यात माणसाचं स्वतःचं काय? अंग मात्र ज्याचं त्याचं. चाळीस वर्षं कोट-पँटी शिवून हे मत इतकं पक्कं झालं होतं की मास्तरांच्या फोनमध्ये एकही नाव सापडायचं नाही. 'पोट पुढे', 'मान आखूड', 'एक पाय लांब' अशी सगळी मंडळी. घरमालक म्हणजे 'पाय फेंगडे'. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर 'कंबर चोरतो', कारण माप देताना ते श्वास ओढून धरायचे आणि मग पँट घट्ट झाली म्हणून भांडायला यायचे. सख्खा मेव्हणा 'छाती नाही' या नावाखाली होता. त्यानं ते एकदा पाहिलं आणि सहा महिने अबोला धरला. "त्यात खोटं काय लिहिलंय ते सांग ना," असं मास्तर वर त्यालाच विचारत होते.

दुकान एका खोलीचं. मधोमध कापड कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात ट्रायलसाठी पडदा, आणि खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला यायचा तिथे, बाईंचं स्टूल. बाई म्हणजे मास्तरांची बायको. कोट शिवायचा मास्तरांनी आणि काजं करायची बाईंनी, हा तीस वर्षांचा रिवाज. एका कोटाला बटणांची चार-पाच काजं, बाह्यांची वेगळी, आणि प्रत्येक काज हातानं. टाका असा एकसारखा की मास्तरांना त्यात खोड काढता येत नसे, आणि खोड काढता येत नाही याचंच त्यांना मधूनमधून वाईट वाटे.

पण या वर्षी बाईंच्या उजव्या अंगठ्यानं दगा दिला. सांधा सुजला, सुई हातातून सुटायला लागली. 'कंबर चोरतो' यांनी अंगठा दाबून पाहिला आणि सांगितलं, "सुई बंद. नाहीतर हा अंगठा कायमचा आखडेल, मग घास घेताना माझी आठवण काढा." बाई म्हणाल्या, "सुई बंद केली तर काजं कोण करणार? हे?" आणि त्यांनी नवऱ्याकडे असं काही बघितलं की मास्तर टेप गुंडाळायला लागले.

उपाय एकच होता, काजाचं मशीन. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. मग जुन्या मशिनी विकणाऱ्याकडे एक चांगलं निघालं. मास्तरांनी ते चालवून पाहिलं, कान लावून ऐकलं, आणि बाईंना न विचारता ठरवून टाकलं. मशीनवाला म्हणाला, "आज सहाला दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन येतंय. विसाराची आगाऊ रक्कम सहाच्या आत माझ्या खात्यात आली तर मशीन तुमचं, नाही तर त्याचं. मग मला बोल लावायचा नाही."

साडेचार वाजता मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला. फोनवरून पैसे पाठवायला ते दोन महिन्यांपूर्वीच शिकले होते आणि ते काम ते कापडाला कात्री लावण्याइतक्या गंभीरपणे करायचे. मशीनवाल्यानं जन्मभर मशिनी खांद्यावर वाहिल्या होत्या, तेव्हा फोनमध्ये तो कोण असणार? 'उजवा खांदा उतरता'. मास्तरांनी तो शोधला, आकडा घातला, आकडा दोनदा तपासला आणि बोट टेकवलं. फोन टिणटिणला.

"झालं!" मास्तर म्हणाले. "उद्यापासून तू नुसतं कापड सरकवायचं. राणीसारखी बस."

बाई हसल्या. खरंच हसल्या. त्यांनी अंगठा दुसऱ्या मुठीत धरला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी लगेच मशीनवाल्याला फोन लावला.

"आले ना?"

"कोण?"

"कोण काय! पैसे."

"मास्तर, इथे काहीही आलेलं नाही," मशीनवाला म्हणाला, "आणि सव्वातास उरलाय."

बाईंनी फोन ओढून घेतला आणि पडद्यावर बोट फिरवलं.

"अहो, इथे दोन आहेत. दोन 'उजवा खांदा उतरता'."

"शक्यच नाही! माझ्या गिऱ्हाइकांत उजवा उतरलेला एकच."

"मग हा दुसरा काय भिंतीतून आला? आणि पैसे जाताना समोर नाव येतं ना मोठ्या अक्षरांत?"

"आलं होतं काहीतरी," मास्तर म्हणाले. "नावं कोण वाचतं!"

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. त्या स्टुलावर जाऊन बसल्या, अर्धवट राहिलेलं जाकीट पुढे ओढलं आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. सुई हातातून निसटून फरशीवर पडली. त्यांनी ती वाकून उचलली आणि पुन्हा ओवायला घेतली. बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

त्यांनी दुसऱ्या उजव्या खांद्याला फोन लावला. घाईत नको ते बटण दाबलं गेलं आणि आवाज सगळ्या खोलीभर घुमला.

"मास्तर! तुमचा फोन येणार, मला वाटलंच होतं. अहो, पैसे बघितले आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. बारा वर्षांनी का होईना, तुम्ही कबूल केलंत!"

"क... काय कबूल केलं?"

"कोटाचं हो! माझ्या मुलीच्या लग्नातला कोट!"

आता मास्तरांना आठवलं. टपालवाला! आवाज न चढवणारा, पायपुसण्यावर तीनदा पाय पुसून आत येणारा टपालवाला. बारा वर्षांपूर्वी नवा कोट घालून तो या आरशासमोर उभा राहिला होता आणि भीत भीत म्हणाला होता, "मास्तर, एक बाजू जरा..." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी चौघांकडे बघून ठणकावलं होतं, "कोट सरळ आहे. माणूस वाकडा आहे!" चौघंही पोट धरून हसले. टपालवाल्यानं सगळे पैसे चुकते केले, कोट काखेत मारला, आणि पुन्हा कधी दुकानाची पायरी चढला नाही. मास्तर मात्र तो किस्सा पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगत राहिले.

"पण मास्तर, तुम्ही फारच जास्त पाठवलेत," फोनमधला आवाज म्हणाला. "शिलाई काही एवढी नव्हती. या, जास्तीचे परत घेऊन जा. मला पैशांचं नाही हो. तुम्ही चूक मानलीत, एवढं मला पुरे."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाई सुई हातात धरून बघत होत्या.

"येतो," एवढंच मास्तर म्हणाले.

"मीही येते," बाई उठल्या. "तुम्ही एकटे गेलात तर पैसे तिथेच ठेवाल आणि वर आणखी भांडून याल."

टपालवाला तीन गल्ल्या पलीकडे राहायचा. वाटेत मास्तर वाक्य घोटत होते. "पैसे चुकून आले, कोटाशी त्यांचा काही संबंध नाही. कोट सरळच होता." दुसऱ्या गल्लीपर्यंत त्यांनी ते इतकं गुळगुळीत केलं की त्यांचं त्यांनाच पटलं. अंगठ्याचा प्रश्न होता, घड्याळ पुढे पळत होतं, आणि अशा वेळी बारा वर्षांपूर्वीच्या कोटाचं लचांड कुठे गळ्यात घ्यायचं? मास्तर जिना चढले आणि त्यांनी दार वाजवलं.

दार उघडलं आणि ते घोटलेलं वाक्य तिथेच राहिलं. टपालवाला तोच कोट घालून उभा होता. मास्तर येणार म्हणून मुद्दाम घातलेला, सगळी बटणं लावलेला.

मास्तरांचं डोकं काही म्हणायच्या आत त्यांच्या डोळ्यांनी माप घेतलं. तीस वर्षं टपालाची पिशवी वाहून या माणसाचा एक खांदा बोटभर खाली आला होता, आणि कोटानं त्याच्या दुसऱ्या खांद्यावर वर आणखी बोटभर उंची चढवली होती. पाचर एका बाजूला घातलेल्या टेबलासारखा माणूस दिसत होता.

"फिरा," मास्तर म्हणाले. टपालवाला फिरला. मास्तरांनी पाठीमागून दोन्ही खांद्यांवर अंगठे फिरवले. उतरलेला खांदा डावा होता. उतार भरून काढायचा पॅड मात्र उजव्यात होता.

"पुन्हा इकडे फिरा."

तो समोर आला. मास्तरांनी आपला उजवा हात उचलून सरळ पुढे नेला. हात टपालवाल्याच्या डाव्या खांद्यावर पडला. समोर उभं राहून माप घेताना आपला उजवा तो गिऱ्हाइकाचा डावा, हे शिंपीकामात पहिल्या आठवड्यात शिकवतात. याच चुकीसाठी मास्तरांनी उमेदवारीत गुरूची लाकडी पट्टी पाठीवर खाल्ली होती. त्या दिवशी त्यांनी वहीत 'उजवा' लिहिलं, वहीतून ते फोनमध्ये गेलं, फोनमधून आज पैसे गेले, आणि बारा वर्षांपूर्वी कोटही तिथेच गेला होता.

"मुलगी म्हणते," टपालवाला भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघत हसला, "बाबा, तुम्ही प्रत्येक फोटोत आता पडाल की मग पडाल असे दिसता. जाऊ द्या. तुम्ही मनात ठेवलं नाहीत हेच खूप झालं. बसा, जास्तीचे पैसे पाठवतो."

आता बोला! काही न बोलता निभावत होतं. समोरचा माणूस खूश, शिलाईपुरते पैसे हातचे गेले असते, बाकीच्यात थोडी भर घालून विसार झाला असता, आणि मास्तरांचं नाकही शाबूत राहिलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात पंचवीस मिनिटं उरली होती. बाई नवऱ्याकडे बघत होत्या.

"थांबा," मास्तर म्हणाले. "ते पैसे चुकून आले. मी मशीनवाल्याला पाठवत होतो. हिच्या अंगठ्यासाठी काजाचं मशीन घ्यायचंय."

टपालवाल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कोटाचे नव्हते?"

"नव्हते."

"बरं," तो हळूच म्हणाला आणि खिशात चष्मा चाचपायला लागला. "बरं. मग सगळेच परत करतो. माझाच गैरसमज झाला."

"पैसे चुकून आले," मास्तरांचा आवाज एकदम चढला, रागाच्या वेळी चढायचा तसाच, "पण कोट मी बिघडवला! माणूस सरळ होता, कोट वाकडा होता. माझी चूक झाली, आणि वर मी तुम्हाला चारचौघांत हसलो. हे चुकून बोलत नाहीये मी."

टपालवाल्यानं चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"हे त्या चौघांसमोर बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"त्यातले दोघं अजून येतात. बोलावतो."

मग पैसे परत पाठवायला टपालवाला बसला, आणि मास्तर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले. कारण हा गृहस्थ पडद्यावरचं नाव एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागला. "हे तुमचंच नाव ना? पूर्ण? वडिलांचं हेच? तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, मास्तर, घाई करू नका." पावणेसहा झाले तेव्हा कुठे मास्तरांचा फोन टिणटिणला. मास्तर लगेच मशीनवाल्याला पैसे पाठवायला लागले, तर टपालवाल्यानं फोनच काढून घेतला. "आणा इकडे. पत्ता मी बघतो." त्यानं मशीनवाल्याला फोन करून त्याचं नाव विचारलं, पडद्याशी ताडून पाहिलं, आणि सहाला चार मिनिटं असताना विसार योग्य खांद्यावर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं, आणि टपालवाल्याचा कोटही आला. बाई मशीनपाशी बसून ते सगळीकडून पुसत होत्या. डॉक्टर पडद्याआड नवी पँट चढवत होते. मास्तरांनी कोटाचं अस्तर उसवलं, उजव्या खांद्यातला पॅड काढला, आणि डावी बाजू उघडली. आत लाल दोऱ्याची एक गाठ होती.

मास्तरांच्या कामात लाल दोरा नसे. तो बाईंचा, खूण करायचा. मग त्यांना बारा वर्षांपूर्वीची ती दुपार लख्ख आठवली. बाई काजं करायला कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अहो, पॅड या बाजूला हवा ना?" मास्तर मानही वर न करता म्हणाले होते, "तू तुझी काजं बघ." गाठीवरूनच त्यांनी अस्तर शिवून टाकलं होतं.

"तू तेव्हाच सांगितलं होतंस," ती गाठ बोटांत धरून मास्तर पुटपुटले. "मी ऐकलं नाही. चुकलो."

"काय म्हणालात?" बाई मशीन पुसत म्हणाल्या. "मोठ्यानं बोला. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाहीये."

मशीनची वायर अजून गुंडाळलेलीच होती. मास्तरांनी वायरीकडे बघितलं, बाईंच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं, घसा खाकरला, आणि पडद्याआडच्या डॉक्टरांनाच काय, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.