मोहाच्या वळणावरची हाक

पाहुण्यांना जंगलात नेऊन एकही जनावर न दाखवण्यात आमच्या हिच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नव्हता. बोरच्या जंगलात बिबटे होते, अस्वलं होती, चितळं आणि रोही म्हणजे नीलगाई तर ढिगानं. पण मामांच्या पाहुण्यांना दिसायच्या त्या फक्त पळणाऱ्या शेपट्या. सिंदी मेघे गावातल्या स्वतःच्या घरातसुद्धा मामा खाकरल्याशिवाय पाऊल टाकत नसत, आणि तोच रिवाज त्यांनी जंगलाला लावला होता. वळण आलं की बैलाच्या गळ्यातली, पण स्वतःच्या हातात धरलेली घंटी वाजवायची आणि ओरडायचं, "आहे का कोनी घरी? पाव्हने येऊन राह्यले!" मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाले, "जावईबापू, कोनाच्या घरात सांगितल्याबिगर घुसते काय मानूस?"

आणीबाणी उठली त्या चैत्रात माझे पुण्याचे साडू आले. मामांनी आम्हा दोघांना बोरला नेलं. दोन-तीन वळणं झाल्यावर साडू हसत म्हणाले, "मामा, जनावरं खरंच आहेत ना इथे, की नुसतीच घंटा?" मामांचा चेहरा उतरला. पाहुणा, त्यात जावई, आणि त्याच्यासमोर नाक कापलं गेलेलं. त्यांनी घंटी मुकाट्याने झोळीत टाकली. पुढच्या वळणावर हाकही दिली नाही.

वळलो, तर समोरच मोहाखाली अस्वल. पाठीवर पिल्लू घेऊन फुलं खात होतं. आम्हाला बघताच ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि मोठ्यांदा गुरगुरलं. साडू पळायला वळले. मामांनी मागे न बघताच त्यांचं मनगट धरलं. "पळू नोका. माह्या मांगं राहा." आणि दोन्ही हात पसरून ते आमच्यापुढे उभे राहिले. धोतराचा सोगा थरथरत होता, आवाज मात्र दारी आलेल्या लेकीशी बोलावं तसा. "बाई, जेवून राह्यली होती तू. आमीच हाक नाई देल्ली. चुकी माही हाय. या दोघाईले काई करू नोको."

अस्वल एक पाऊल पुढे आलं. मामा हलले नाहीत. कितीतरी वेळाने ते चारी पायांवर आलं आणि पिल्लासकट बांबूत शिरलं. मामा मटकन खाली बसले. त्यांनी झोळीतून घंटी काढली, पण ती वाजवावी लागलीच नाही, इतका त्यांचा हात कापत होता.

मामा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात साडू आपणहून म्हणाले, बोरला जाऊ. घंटी मामींनी देव्हाऱ्यात ठेवली होती, ती मागायचा धीर आम्हाला झाला नाही. गुपचूप चाललो, आणि चितळं दिसली, रोही दिसले, मोरसुद्धा जागचा हलला नाही. मला कसलाच आनंद होईना. मोहाच्या वळणापाशी साडू थांबले, खाकरले आणि त्यांच्या शुद्ध पुणेरीत मोठ्यांदा ओरडले, "आहे का कोणी घरी?"

चितळं उधळली. आम्ही दोघं मात्र घंटी वाजायची वाट बघत असल्यासारखे तिथेच उभे राहिलो. पुढे पाऊल टाकवेना.