माहिती देणार : बहीण

त्या हॉस्पिटलच्या तळघरात, रेकॉर्डच्या खोलीत, सव्वीस वर्षं एकच बाई टाइप करत बसलेली होती. पेशंटला घरी सोडताना हातात देतात तो कागद, म्हणजे आजार काय, कधीपासून, उपचार काय केले, घरी काय सांभाळायचं, तो तिच्या हाताखालून जायचा. वरच्या मजल्यांवर तिला सगळे कात्री म्हणायचे. जीभ तशी चालायची म्हणून. एखाद्या डॉक्टरने 'बऱ्याच दिवसांपासून ताप' असं खरडून पाठवलं की ही बाई तो कागद घेऊन तरातरा वर जायची आणि भर राउंडमध्ये विचारायची, "बरेच म्हणजे किती? तीन की तीस? तुमच्या या 'बरेच'वर इन्शुरन्सवाला ह्या माणसाला नागडा करेल." डॉक्टर दातओठ खायचे, पण आकडा द्यायचे. स्वतःच्या पदरचा एक स्वल्पविरामसुद्धा तिने कधी कुणाच्या कागदात घातला नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

इन्शुरन्स कंपन्यांवर तिचा राग होता, आणि तो तिने नीट पोसलेला होता. क्लेम नाकारल्याची पत्रं नकलेसाठी तिच्याकडे यायची. कुणाच्या मूत्रपिंडाला नकार, कुणाच्या पोरीच्या कानाला नकार, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा'. "नाही म्हणायचं तर म्हणा मेल्यांनो," ती मशीनकडे बघत म्हणायची, "वर शुभेच्छा कशाला चोळता?" शेजारच्या टेबलावरचा फायलीवाला मान डोलवायचा आणि डबा उघडायचा. त्याला सवय झाली होती.

घरी भाऊ. तिच्याहून चार वर्षांनी लहान, लेथवर काम करणारा टर्नर, आणि वर्कशॉपमध्येही सगळे त्याला टर्नर असंच म्हणायचे. सुताइतकाही फरक चालायचा नाही त्याला, ना लोखंडात ना माणसात. त्यामुळे बायको पाच वर्षांत कंटाळून निघून गेली होती. बहीण लग्नाच्या भानगडीत पडलीच नव्हती. दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची आणि एकमेकांचं डोकं खायची. खिडकी उघडी का, पंखा चालू का, साबण पाण्यात का पडला. "हिला तिखटमीठ लावल्याशिवाय बोलता येत नाही," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "ताप आला की म्हणणार मेला, शिंक आली की म्हणणार न्यूमोनिया." ती म्हणायची, "तू सिगारेट फुंकून मर, म्हणजे मला बरोबर मोजता येईल." असं त्यांचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी एका नव्या कायद्यावरून सगळीकडे नुसता गदारोळ होता. जुना आजार म्हणून कंपनीला क्लेम नाकारायचा असेल तर तो आजार आधी कुठल्या डॉक्टरने निदान केल्याचा कागद दाखवावा लागेल. पेशंटच्या किंवा नातेवाइकाच्या नुसत्या बोलण्यावर नाकारता येणार नाही, असा तो कायदा. कंपन्या म्हणत होत्या, मग लोक आजार लपवून पॉलिसी घेतील आणि सगळ्यांचेच हप्ते वाढतील. टीव्हीवर टाय बांधलेले लोक एकमेकांच्या अंगावर जात होते. हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये डॉक्टर एका बाजूला, अकाउंट्सवाले दुसऱ्या बाजूला. कायदा एका समितीतून दुसऱ्या समितीत ढकलला जात होता.

आणि घरात टर्नर कायद्याच्या विरोधात. "मी अर्ज भरला तेव्हा खरं ते लिहिलं," तो ताटावर बसून सांगायचा. "कधी डॉक्टरकडे गेलो नाही, म्हणून नाही लिहिलं. हप्ता कधी चुकवला नाही. आता खोटारड्यांचा भार माझ्या डोक्यावर का?"

"ते खोटारडे नसतात रे. आजारी असतात."

"दोन्ही असतात."

"तुझ्यावर वेळ आली की बघू," ती म्हणाली. हे ती बोलली, आणि नंतर कित्येक आठवडे स्वतःची जीभ चावत राहिली.

वेळ आली ती एका मंगळवारी सकाळी, जिन्यात. टर्नर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसला तो उठेचना. ओठ निळे, कपाळावर घाम. रिक्षातून त्याला तिच्याच हॉस्पिटलमध्ये आणलं. तातडीच्या विभागात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी पेन उघडून उभी राहिली. नवी होती, कात्रीला ओळखत नव्हती. "यांना हा दम लागण्याचा त्रास कधीपासून?" तिने विचारलं.

टर्नरच्या तोंडावर मास्क होता. बोलणार कोण? बहीण बोलली. आणि बोलली कशी, तर घरात बोलायची तशीच, त्याच्याकडे बघून, हात नाचवत. "कधीपासून? दहा वर्षं झाली. दहा वर्षं कानीकपाळी ओरडतेय, डॉक्टरकडे चल, डॉक्टरकडे चल. जिन्यात दर मजल्याला थांबतो आणि मला सांगतो बुटाची नाडी सुटली. चपला घातल्या असल्या तरी नाडी सुटते ह्याची. आता भोग." घाबरली होती ती. घाबरली की ती रागावते, तिला दुसरं काही येतच नाही. मुलीने मुकाट्याने लिहून घेतलं.

हृदयाची एक झडप खराब झाली होती. ती बदलायची, आणि तीन महिन्यांच्या आत बदलायची, त्यापुढे हृदय साथ देणार नाही, असं मोठ्या सर्जनने सांगितलं. ऑपरेशनचा आकडा असा होता की दोघांची सगळी पुंजी ओतली तरी निम्म्यापर्यंत पोचत नव्हती. पण पॉलिसी होती. तीन वर्षं जुनी.

नवव्या दिवशी नकार आला. आजार पॉलिसी घेण्याआधीपासूनचा, अर्जात लपवलेला, पॉलिसीला चार वर्षं पूर्ण होईपर्यंत ग्राह्य नाही. आधार काय, तर दाखल करतानाचा केस पेपर. तिने तो रेकॉर्डमधून काढला. दहा वर्षांपासून दम लागतो, जिना चढताना थांबावं लागतं, वारंवार सांगूनही उपचार घेतले नाहीत. आणि वर, ठरलेल्या चौकटीत, त्या मुलीच्या गोल गोल अक्षरात: माहिती देणार, बहीण. माहिती भरवशाची.

सव्वीस वर्षं जी बाई दुसऱ्यांच्या नातेवाइकांना व्हरांड्यात गाठून बजावत आली, की डॉक्टरपुढे तोंडाला येईल ते बोलू नका, आठवून बोला, तिने स्वतःच्या भावाचा गळा असा भर दिवसा कापला होता. ती खुर्चीत बसून राहिली. मग तिला त्या मुलीचा राग आला, मग कंपनीचा, मग भावाचा, आणि सगळ्यांचा येऊन झाल्यावर स्वतःचा. फायलीवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला तर त्याच्यावरही खेकसली.

त्या खोलीत कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती. एक पान बदलायला पाच मिनिटं लागली नसती. खरं सांगायचं तर पान काढून टेबलावर ठेवण्यापर्यंत मजल गेली होती. पण कंपनीकडे त्याची नक्कल केव्हाच गेलेली. पान बदललं तर भाऊ मरणार तो मरणारच, वर ती चोर ठरणार. तिने पान परत लावलं आणि शिकाऊ मुलीला गाठलं.

"लिहिलेलं मी खोडू शकत नाही," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "पण तुम्ही लिहून द्या, की तेव्हा रागाच्या भरात वाढवून सांगितलं. विम्याच्या तक्रार अधिकाऱ्यापुढे ते चालतं."

तिने लिहून दिलं. 'मला वाढवून बोलण्याची सवय आहे. दहा वर्षं हा आकडा मी मनाने सांगितला. त्रास गेल्या वर्षभरातला आहे.' स्वतःच टाइप केलं. हॉस्पिटलमार्फत पाठवायला साहेबांची सही लागणार होती. रेकॉर्डच्या साहेबांनी तो कागद वाचला आणि दार लावून घेतलं. "बाई, हे तुम्ही दिलंत तर उद्या कुठलीही कंपनी म्हणेल, की यांचे कागद टाइप करणारी बाई कबूल करतेय, वाढवून सांगते म्हणून. तुम्हाला या टेबलावर ठेवता यायचं नाही मला."

"नका ठेवू," ती म्हणाली.

"निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची."

"माझा भाऊ तीन महिन्यांचा आहे साहेब. सही करा."

भावाला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं एवढंच, की सुनावणी आहे, बरोबर यायचं, खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "अधिकाऱ्याने विचारलं तर?" त्याने विचारलं. "खोकायचं," ती म्हणाली.

तक्रार अधिकाऱ्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. लाकडी पार्टिशन, दोन पंखे, त्यातला एक बंद. बाहेर बाकावर आणखी आठदहा जण फायली मांडीवर घेऊन बसलेले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत कंपनीतर्फे एक वकीलबाई आल्या होत्या, व्यवस्थित, शांत, आवाज न चढवणाऱ्या. अधिकारी म्हातारे, चष्मा कपाळावर. त्यांनी कात्रीचा कागद दोनदा वाचला.

"दुसरा काही पुरावा आहे का तुमच्याकडे, आजार जुना असल्याचा?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं.

"केस पेपरच आहे सर."

"म्हणजे या बाईंचंच बोलणं. आणि त्या म्हणतात, वाढवून सांगितलं." अधिकाऱ्यांनी पेन उचललं.

"एक मिनिट सर," वकीलबाई म्हणाल्या. त्या कात्रीकडे वळल्या. "ताई, तुम्ही हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये काम करता ना? केस पेपरमधल्या शब्दाचं महत्त्व तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

"घाबरले होते."

"घाबरून खोटं बोललात, का आता ठरवून खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"म्हणजे तुमच्या शब्दावर भरवसा ठेवू नये, असं तुमचंच म्हणणं आहे."

"हो."

"तुम्ही खोटं बोलता."

"हो," कात्री म्हणाली. "सवय आहे मला. लहानपणापासून. कुणालाही विचारा. ह्याला विचारा."

ते शेवटचे दोन शब्द तिने बोलायला नको होते. पण मनात काही वाईट नव्हतं. आयुष्यभर जो माणूस हेच ओरडत आला त्याच्याहून चांगला साक्षीदार तिला कुठे मिळणार होता?

टर्नर उठला. खुर्चीच्या पाठीला धरून उठला, कारण नुसतं उठणंही आता जड होतं. "ती खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"बस खाली," ती म्हणाली.

"तोंडाने फाटकी आहे. पण खोटं कधी बोललेली नाही. माझ्यासाठी तिने असलं लिहून दिलंय हे मला आत्ता कळतंय." त्याने दम घेतला. "दहा वर्षं बरोबर आहेत साहेब. मला वाटायचं सिगारेटमुळे होतं. आजार आहे हे माहीत नव्हतं, अर्जात मी काही लपवलं नाही. पण दम लागायचा. नाडीचं पण खरं आहे."

वकीलबाईंनी फाईल मिटली. त्यांना बोलायचं कारणच उरलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कपाळ चोळलं, आणि म्हणाले की लपवलं नाही हे ते लिहितील, त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. पण आजार आधीचा ठरतो, आणि आजचा नियम आहे तो असा आहे. कायदा बदलला तर गोष्ट वेगळी. कधी बदलेल ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सही केली आणि पुढच्याचं नाव पुकारायला सांगितलं.

बाहेर बाकाजवळ ती थांबली. "सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय मी तुझा," ती म्हणाली. "अकरा महिन्यांनी आहे. अकरा. कळतं तुला, अकरा म्हणजे किती?"

"कळतं."

"मग काय म्हणून उठलास? गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

"ती बाई तुला खोटारडी म्हणत होती."

"म्हणू दे की. तू नाही म्हणालास तीस वर्षं?"

"मी म्हणतो," तो म्हणाला. "तिने का म्हणावं?"

बाकावरचे लोक फायलींमधून मान वर करून बघत होते. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खरोखर हात उचललाही होता तिने, पण त्याच हाताने तिने त्याची फाईल काढून घेतली, कारण ती त्याला जड होत होती. नोकरी गेली होती. भाऊ जाणार होता. उभ्या जन्मात भावाने पहिल्यांदा चारचौघांत तिची बाजू घेतली होती, आणि यासाठी ती त्याला मेला तरी माफ करणार नव्हती.

लिफ्टसमोर मोठी रांग होती आणि थांबायचा धीर दोघांनाही नव्हता. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. ती त्याच्याशी एक शब्द न बोलता दोन पायऱ्या पुढे चालत राहिली, म्हणजे पडला तर निदान तिच्या अंगावर पडेल.