वास न येणारी नासाडी

३ फेब्रुवारीला फ्रिज साफ करायला काढला. तळाच्या कप्प्यात एक काकडी होती. वरून हिरवीगार, पण उचलताना बोटं आत रुतली. शिसारी आली. पण वास आला म्हणून ती सापडली तरी.

दाराच्या कप्प्यात यांच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती. दिवाळीत मीच आणलेली, अजून सीलबंद.

आदल्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. यंत्राने डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. नारिंगी गोळ्यावर फिकट ठिपका, ती दृष्टीची नस. संगणकाने तिच्यातला खळगा मोजून मागच्या फोटोशी ताडून पाहिला. खळगा वाढला होता. काचबिंदू पुढे सरकला होता.

"थेंब घालता ना?" बाईंनी विचारलं.

"रोज," हे म्हणाले.

मी बाटली यांच्यापुढे धरली. "अहो, हे काय?"

"अगं, पहिल्या बाटलीने डोळे लाल व्हायचे. कट्ट्यावर विचारायचे, सकाळीच घेतली का म्हणून. आणि मला दिसतंय की सगळं."

दिसतंय म्हणे. हाच या रोगाचा घाणेरडेपणा. तो दुखत नाही, त्याला वास नाही. कडेकडेने नजर कुरतडतो आणि गेलेली नजर परत येत नाही. आपली नासाडी आपल्याला कळत नाही, ती यंत्राने मोजून दाखवावी लागते. आणि त्या यंत्रासमोर बसून हे खुशाल खोटं बोलले. काकडीपेक्षा मला त्या 'रोज'ची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांचा चहा ओट्यावरच ठेवला. खुर्चीत बसवून यांचं डोकं मागे धरलं, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला, आणि मगच कप हातात दिला.