बारबारचा अनाम देव

उन्हात तापलेल्या दगडांचा चटका अजून माझ्या तळपायांना आठवतो, आणि आठवला की हसू येतं. बहरीनच्या उत्तरेला, खजुरांच्या झाडीपलीकडे बारबारचं हे पुरातन देवालय. देवालय कसलं, गुडघाभर उंचीचे भग्न चौथरे आणि पायऱ्या उतरत जाणारी एक कोरडी पुष्करणी! ना कळस, ना गाभारा, ना मूर्ती. इथे गोड्या पाण्याच्या देवाची उपासना होत असावी, असं जाणकार म्हणतात. पण त्याला आळवणारी वाणीच लोपली, तर त्याला हाक कोण मारणार?

आईला तिथे नेलं ते केवळ तिचा वेळ जावा म्हणून. बाबा गेल्यापासून तिने देवाशी अबोला धरला होता. साताऱ्याच्या घरातलं देवघर बंद, आणि इथे बहरीनला, गुदैबियातल्या माझ्या फ्लॅटमध्ये महिनाभर राहूनही माझ्या देव्हाऱ्याकडे तिने ढुंकून पाहिलं नव्हतं. "त्याने माझं ऐकलं नाही, मी का त्याचं तोंड पाहू?" एवढंच म्हणायची. पूजा राहिली याचं मला दुःख नव्हतं. सकाळी फुलं वेचताना गुणगुणणारी माझी आई हरवली, याचं होतं.

आणि त्या दुपारी काय झालं म्हणता? फाटकातून आत शिरताच तिने चपला काढल्या आणि नीट जोडून कडेला ठेवल्या. तिच्यामागोमाग मीही काढल्या. चौथरा उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा सुरू झाली. चटके बसू लागले तशी ती चवड्यांवर तुरुतुरु पळू लागली, पण अर्ध्यावर काही सोडीना. फेरी पुरी करून डोळ्यांना पाणी लावायला ती पुष्करणीशी वाकली, तेव्हा म्हातारा रखवालदार लगबगीने आला आणि हळुवारपणे म्हणाला, "पानी मफी, अम्मा. खलास." पाणी नाही, संपलं.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे, आणि ती खळखळून हसली. किती महिन्यांनी हसली! "अगं, मी रुसले होते ना," म्हणाली, "पायांना कुणी सांगितलंच नाही."

श्रद्धा मनात वसते असं आपण किती सहज म्हणतो, नाही? मन रुसून बसलेलं असताना ती तळपायांत जाऊन राहत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्या देव्हाऱ्यासमोर बसलेली दिसली. हात काही जोडलेले नव्हते. पोळलेल्या तळव्यांना खोबरेल चोळत, बाबांच्या जाण्यापासून सुरुवात करून, ती देवाला चांगलं फैलावर घेत होती.

मी गुपचूप चहा टाकला. अबोला सुटला होता.