शेवटची पेंडी

पंचफुलाचं नाव काढलं का आजही माह्या अंगाचा तिळपापड होते. मेलेल्या बाईवर एवढा राग कायले, असं माहा नवरा परसराम विचारते. त्याले काय सांगू, कपाळ!

आमच्या आसगावात बौद्ध मोहल्ल्यातल्या चौदा बायायची रोवण्याची, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावाची टोळी. बावीस वर्षं पंचफुला तिची मुख्य, अन् मी, रत्नमाला, बावीस वर्षं दोन नंबर. दुपारी धुऱ्यावर साऱ्यायचे डबे एकात कालवायचे, एका कॅनीतलं पाणी एकाच गिलासानं प्यायचं, हा कायदा तिचाच. "आपल्या आज्यायले लोकं वरून पाणी ओतत," म्हणे. "आपल्यात तसं नाही चालाचं." हंगाम सरला का शेवटच्या बांधीत धानाच्या रोपायची शेवटची पेंडी मुख्य बाईनं लावायची, मग बाकीच्यायनं तिले चिखल फासून हसायचं. बावीस वर्षं मी चिखल फासत आली अन् बावीस वर्षं मनात जळत आली.

मागच्या उन्हाळ्यात तिचं डोकं दुखाले लागलं, उजवा हात सुन्न पडे. तिले मागंपुढं कोणी नाही. नागपूरले मीच नेलं. ऑपरेशन झालं, गाठीचा तुकडा तपासला. डॉक्टर साकोलीकडचा, आपल्यासारखाच बोले.

"गाठ वाईट आहे, बाई. पुरी निघाली नाही. पुन्हा वाढंल."

"पण झाली कायनं?" पंचफुलानं विचारलं.

"पेशीले 'वाढ' म्हणून सांगणारे निरोप अंगातच असतात. जखम भरते ती त्यायच्यानंच. तुमच्या गाठीत तो निरोप थांबतच नाही, तलावाचं तुडूम उघडं राहून पाणी वाहत राहावं तसं. अन् अभ्यासासाठी दिलेल्या तुकड्यात एका व्हायरसच्या खुणा भेटल्या. काही शास्त्रज्ञ म्हणतात, तो त्या निरोपाले जोर देते. काही म्हणतात, त्याचा संबंधच नाही. अजून ठरलं नाही." मग तो माह्याकडं वळला. "हा व्हायरस निम्म्याहून जास्त लोकायच्या अंगात निजून असते. माह्याही असंल, तुमच्याही. ही गाठ एकाची दुसऱ्याले लागत नाही. बिनधास्त संगं जेवा."

"रोवणा भेटंल ना मले?" तिनं विचारलं.

"भेटंल. पुढच्या वर्षीचं नाही सांगत."

"बस. शेवटची पेंडी लावली का मी मोकळी."

गावात पाय टाकला तं बायायनं मले घेरलं. काय निघालं, काय निघालं! मी म्हणली, "डोक्यात गाठ आहे. त्यात व्हायरस निघाला." एवढंच म्हणली. खोटं नाही बोलली मी. कोरोनात मोहल्ल्यातल्या सेवकरामचं मढं पिशवीत बांधून आलं होतं, ते साऱ्यायनं पाहिलं होतं. मले पुढं काही जोडाची गरजच पडली नाही.

रोवण्याच्या पहिल्या दिवशी पंचफुला भादरलेल्या डोक्यावर दुपट्टा बांधून आली. दुपारी बायायनं तिचा डबा कालवलाच नाही. पाणी मागतलं तं टोळीतल्या प्रतिक्षानं कॅन उचलून वरून ओतलं. पंचफुला ओंजळ धरून तशीच बसली, पाणी कोपरावरून वाहून गेलं. एक घोट पिली नाही ती. मले बरं वाटलं. आता लपवून काय करू?

शेवटच्या दिवशी बायायनं पेंडी माह्या हातात देल्ली. पंचफुला धुऱ्यावर उभी होती. पेंडी नाही मागतली तिनं. म्हणली, "रत्ना, तू होतीस ना तिथं. डॉक्टर काय म्हणला ते सांग यायले."

बारा बाया माह्याकडं पाहून राहिल्या. पेंडी हातात ओली होती.

"मले नाही आठवत," मी म्हणली.

तिनं मले पाहिलं. "बरं," म्हणली अन् घरी गेली. मी पेंडी लावली. बायायनं मले चिखल फासला. मी हसली पण.

दिवाळीच्या आधी ती मेली. आंघोळ घालाले एक बाई पुढं येईना. मी गेली, उघड्या हातानं घातली. दारातून बाया ओरडल्या, "हात नको लावू, लागंल!"

"नाही लागत," मी म्हणली. "आपल्या साऱ्यायच्या अंगात असते तो व्हायरस. डॉक्टर म्हणला होता."

"तवा तं आठवत नव्हतं तुले," प्रतिक्षा म्हणली. "बह्याड समजते काय आम्हाले?"

कोणीच खरं मानलं नाही.

यंदा टोळीची मुख्य मी आहो. तिले हात लावला म्हणून माहा डबा कोणी कालवत नाही, वेगळा खाते. तहान लागली का प्रतिक्षा कॅन उचलून वरून ओतते अन् मी ओंजळ धरते. ती पंचफुला पिली नव्हती. मी पिते. म्हणूनच तिचा राग येते मले.